डूम, डिपर आणि दोन व्होल्ट

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उतरली. टॅक्सीला वीस वर्षांहून जास्त आयुष्य नाही हा नियम, आणि टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. हिशेब सरळ होता. वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले, काळ्या-पिवळ्या बॉनेटला टेकून लोकांनी फोटो काढून घेतले. खासगी गाड्यांना मात्र हा नियम नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिन्या, उत्तरपाड्याच्या अँबेसेडर, त्याही आधीच्या मॉरिस आणि ऑस्टिन आजही पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, पणजीत चालत्या आहेत. त्यांचे मालक त्यांच्यावर जेवढा जीव लावतात तेवढा काही घरांत वडीलधाऱ्यांच्याही वाट्याला येत नाही.

या मालकमंडळींशी बोलायला बसलं की रंगाची मूळ छटा, क्रोमची जाडी, सीटच्या रेक्झिनवरची शिवण असं सगळं तपशिलात ऐकायला मिळतं. फक्त ‘रात्री चालवता का?’ एवढं विचारावं. बहुतेक जण हसून विषय बदलतात. जुन्या गाड्यांच्या रॅली सकाळी निघतात आणि दुपारच्या जेवणाला आटोपतात, त्यामागे ऊन आणि इंजिनाचं तापणं ही कारणं आहेतच. पण अंधार पडायच्या आत घर गाठायचं, हा अलिखित नियमही आहे. दिवे मिणमिणते असतात. ‘जुनी गाडी, तिचा उजेड असाच असायचा’ हे मालकांनी मनोमन मान्य करून टाकलेलं असतं.

ते खरं नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा उजेड आजच्या गाड्यांइतका नव्हता, हे कबूल. पण आज जेवढा मंद दिसतो तेवढा मंदही तो कधीच नव्हता. मधल्या पन्नास-साठ वर्षांत त्यातला बराच प्रकाश वाटेत गळून गेला आहे. तो कुठे गळतो ते शोधायच्या आधी बाजारातून झगझगीत बल्ब आणणं हा पैशाचा अपव्यय, आणि कधीकधी अपघाताला निमंत्रणही.

ज्या गाडीच्या निमित्ताने मी या विषयात शिरलो ती १९६६ची फियाट ११०० डिलाइट. मालक पुण्यातले, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. बहीण कोल्हापूरला, त्यामुळे दिवाळीत भाऊबीजेला ही गाडी घेऊन जायचा त्यांचा रिवाज. परतीच्या प्रवासात कऱ्हाडच्या पुढे अंधार पडला, आणि डाव्या बाजूने चाललेली उसाची ट्रॉली त्यांना दिसली ती अगदी जवळ गेल्यावर. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, वर उसाचा काळा ढीग. गाडी कशीबशी उजवीकडे काढली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याने गळीत हंगामात रात्री गाडी चालवली आहे त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. दिवाळी आणि गाळपाची सुरुवात दरवर्षी हातात हात घालून येतात. कारखाने आणि पोलीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा काढतात, तरी हंगामात एखादी आंधळी ट्रॉली भेटतेच.

आता जरा गणित. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेलेच. पुढे ड्रम ब्रेकच्या गाडीला थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २८ मीटर तरी लागतात. झाले ५३. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, जुन्या फियाटचा उजेड तीस-पस्तीस मीटरच्या पुढे धड पोचत नसेल, तर चालक वीस मीटर निव्वळ नशिबावर चालवतो आहे. त्यात चालकाचं वय. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत विशीतले थोडे आणि साठीतले फार. ज्यांना जास्त उजेड हवा त्यांच्याच गाड्यांना तो कमी, असा हा उलटा कारभार.

कोल्हापूरहून आल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते चारचौघांसारखंच. नाना पेठेत जाऊन हॅलोजन बल्बांची जोडी आणली. मूळ बल्ब ४५/४० वॅटचे, नवे ६०/५५चे. बसवले, रात्री चक्कर मारली. फरक? पिवळा उजेड थोडा कमी पिवळा झाला, एवढाच. मग कोणीतरी १००/९० वॅटचे बल्ब सुचवले. सुदैवाने ते लावण्याआधी गाडी एका वयस्कर वायरमनकडे गेली. आपल्याकडे गाडीच्या विजेचं काम करणारा तो वायरमन; इंजिनाच्या मेकॅनिकशी त्याचं पटत नाही आणि दोघांचं एकमेकांवाचून चालतही नाही.

त्याने बल्बला हात लावला नाही. इंजिन चालू करायला सांगितलं, अप्पर लावला आणि मीटरची एक तार बॅटरीच्या टोकाला धरली: १३.४ व्होल्ट. मग डूम, म्हणजे हेडलाइटचा गोल नग, उघडून बल्बच्या मागच्या पिनांवर मीटर धरलं: ११.३. तेवढं दाखवून तो म्हणाला, “काका, बल्ब भुकेला आहे. त्याला बदलून काय होणार?”

मधले दोन व्होल्ट गेले कुठे?

जुन्या फियाटमध्ये, आणि तिच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत, हेडलाइटचा सगळा प्रवाह चालकाच्या हातातल्या स्विचमधून जातो. बॅटरीपासून किल्लीपाशी, तिथून स्विचला, स्विचमधून डिपरला, मग फ्यूजच्या डबीतून पुढे दोन्ही डुमांना. तारेची लांबी सहज पाच मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून दहा अँपिअर प्रवाह पाच मीटर गेला की अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त वाटेतच खर्च होतं. ही झाली नव्या तारेची गोष्ट. साठ वर्षांच्या तारेची टोकं हिरवी पडलेली असतात, स्विचच्या आतले संपर्क काळवंडलेले, फ्यूजच्या पट्ट्या सैल. प्रत्येक जोडावर पाव-पाव व्होल्ट गळतो. शेवटी अर्थिंग. डुमाची निगेटिव्ह तार बॉडीला एका स्क्रूने जोडलेली. त्या स्क्रूखाली गंज, आणि गंजावर रंगाऱ्याने मोठ्या प्रेमाने मारलेला नवा रंग. गाडीला दुसऱ्यांदा रंग लागला की दिवे मंद होतात हा वायरमन लोकांचा जुना अनुभव आहे, आणि त्याचं कारण हे.

दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण तारेच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने होतो. साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४व्या घाताने. दहा टक्के व्होल्टेज गेलं की तीस टक्के प्रकाश जातो. पंधरा टक्के गेलं की चाळीस टक्क्यांहून जास्त. आता काकांच्या खरेदीचा हिशेब पाहा. जुना ४५/४०चा बल्ब पूर्ण १३.२ व्होल्टवर डिपरला सुमारे ६७५ ल्यूमेन प्रकाश देतो, आणि ६०/५५चा एच-४ हॅलोजन १०००. पण त्या हॅलोजनला ११.२ व्होल्टच मिळाले तर त्याचे उरतात पावणेसहाशेच्या आसपास. म्हणजे उपाशी हॅलोजनपेक्षा पोटभर जेवलेला जुना बल्ब जास्त उजेड देतो. आणि जास्त वॅटचा बल्ब जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे गळतीही वाढते. १००/९०ची जोडी अप्परवर सोळा-सतरा अँपिअर खेचते. एवढा प्रवाह जुन्या स्विचमधून गेला की आधी स्विच तापतो, मग आतलं बेकेलाइट करपतं आणि डॅशबोर्डखालून धूर निघतो. जुन्या गाड्या जळण्याच्या कहाण्यांत अशी सुरुवात बऱ्याचदा सापडते.

इथे थोडं मागं जायला हवं, कारण दिव्यांचा इतिहास हा मुळात वीज पुरवण्याच्या अडचणीचा इतिहास आहे. पहिल्या मोटारींना वीज नव्हतीच. पितळी दिव्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरून थेंबथेंब पाणी, त्यातून निघणारा अॅसिटिलीन वायू पेटवायचा. आंबे पिकवण्यासाठी बदनाम झालेलं कार्बाइड ते हेच. ज्योत पांढरीशुभ्र, वाऱ्यापावसातही टिकणारी, पण दिवा लावायला माणसाने खाली उतरायचं, आणि विझवायचा म्हणजे पाणी बंद करून वाट पाहायची. १९१२च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकाच योजनेत आणले, त्यामागे चार्ल्स केटरिंग. विजेचे दिवे आले तसा समोरच्याच्या डोळ्यांचा प्रश्नही आला. १९२५मध्ये ऑसरामने एकाच बल्बात दोन तारा घातल्या, एक लांबचा झोत आणि एक खालचा. अप्पर-डिपर या जोडगोळीचा जन्म तिथला. अमेरिकेने १९४० सालच्या मॉडेलांपासून सात इंची सील्ड बीम आणला: काच, आरसा आणि तार सगळं एकच बंद भांडं, बल्ब गेला की अख्खा डूम बदलायचा. युरोपने वेगळी वाट धरली, आरसा तोच ठेवून बल्ब सुधारत नेला. १९६२मध्ये एच-१ हा मोटारीसाठीचा पहिला हॅलोजन आला, १९७१मध्ये दोन तारांचा एच-४. म्हणजे आपल्या १९६६च्या फियाटला जे बल्ब हवेत ते तिच्या जन्मानंतर पाचच वर्षांनी आले. हॅलोजन लावला तर गाडीचा धर्म बुडाला असं म्हणणाऱ्यांना मी ही तारीख सांगतो.

आणि उजेड कमी करण्याचाही एक काळ होता. दुसऱ्या महायुद्धात आणि पुन्हा १९६५ आणि १९७१च्या युद्धांत ब्लॅकआउट पाळला जाई, आणि गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखला जाई. पुढे हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका लावायची पद्धतही आली. ठिपक्याने चकाकी थोडी घटते हे खरं. पण डूम नीट बसवलेला असेल तर ठिपक्याची गरज नसते, आणि वाकडा बसवलेला असेल तर ठिपका पुरत नाही.

परत गॅरेजमध्ये. वायरमनने काम सुरू केलं ते मागून, म्हणजे अर्थिंगपासून. दोन्ही डुमांच्या अर्थिंगच्या तारा काढल्या, बॉडीचा तेवढाच गोल खरवडून चकचकीत केला, नवी जाड तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी तुटायला आली होती, तीही बदलली. एवढ्याने अर्धा व्होल्ट परत आला. खर्च, एका बऱ्या थाळीचा.

मग रिले. ज्यांनी कधी रिले पाहिला नाही त्यांच्यासाठी: काडेपेटीहून लहान, चौकोनी डबी, आत एक विद्युतचुंबक आणि एक जाड संपर्क. स्विचने फक्त चुंबकाला जागं करायचं, त्याला पाव अँपिअरही पुरतो. चुंबक संपर्क ओढतो आणि बल्बचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जवळच्या रस्त्याने थेट डुमाला जातो. साठ वर्षांचा स्विच त्या दिवसापासून जणू निवृत्तिवेतनावर. एक रिले अप्परला, एक डिपरला. पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, जर्मन मानकातले. वायरमनला ते पाठ असण्याची गरज नाही, कारण ते डबीवरच छापलेले असतात, तरी याने न पाहता जोडले. ३०ला बॅटरीची तार, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. हा फ्यूज विसरणारे पुष्कळ. तो नसेल आणि तार कुठे घासून बॉडीला लागली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका तारेत उतरते. तारा अडीच चौरस मिलिमीटरच्या घेतल्या, अंतर दीड मीटर, म्हणजे गळती जेमतेम दशांश व्होल्ट. मूळ तारांचा गुंता त्याने तोडला नाही. जुन्या डुमाला जाणारी तारच आता रिलेला हुकूम देते, आणि उद्या रिले काढला तर ती परत डुमाला जोडता येते.

मीटर पुन्हा धरलं: बल्बवर १३.१.

माझ्या मते जुन्या गाडीच्या दिव्यांतली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे, आणि ती बाहेरून कोणालाच दिसत नाही. कदाचित म्हणूनच ती फार कमी लोक करतात.

आरशाचं प्रकरण याहून नाजूक. डुमाच्या आतला वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, काळवंडला असेल तर बल्बचा प्रकाश तिथेच मरतो. अशा वेळी बरेच जण तो बंपरबरोबर प्लेटिंगवाल्याकडे देतात आणि क्रोम करून आणतात. दिसायला आरसा, कामाला फसवणूक. क्रोम पडलेल्या प्रकाशापैकी साठ-पासष्ट टक्केच परत फेकतं; निर्वात भांड्यात चढवलेला अॅल्युमिनियमचा थर ८५ ते ९० टक्के, आणि चांदीचा मुलामा ९५च्या आसपास. चांदी सगळ्यांत सरस, पण हवेतल्या गंधकाने काळी पडते. तिला पॉलिश करताना जपावं लागतं, नाहीतर थर निघून येतो. फियाट-पद्मिनीला सात इंची गोल डूम लागतो, आणि हाच आकार जीपपासून बुलेटपर्यंत इतक्या गाड्यांना बसतो की नवा डूम आजही सहज मिळतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत. मॉरिस मायनरचाही तोच आकार. अडचण येते ती युद्धपूर्व गाड्यांना. त्यांचे दिवे म्हणजे स्वतंत्र पितळी किंवा क्रोमचे नग. ते बदलायचे नसतात, आतला वाडगा जाणकाराकडून पुन्हा मुलामा करून घ्यायचा असतो.

डूम घेताना काचेवर एक खूण पाहावी, ती दुकानदारही सांगत नाही. डिपरचा झोत दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपल्या कडेची बाजू थोडी वर उचललेली असते, म्हणजे पायी चालणारा, सायकलवाला, कडेचा दगड दिसावा. आपण डावीकडून चालतो, तेव्हा झोत डावीकडे उचललेला हवा. युरोप-अमेरिकेतून मागवलेला डूम उजवीकडे उचलतो आणि समोरून येणाऱ्याच्या नेमका डोळ्यांत मारतो. युरोपीय मान्यतेच्या काचेवर, डूम समोरून पाहताना, उजवीकडे दाखवणारा आडवा बाण असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी. बाणच नसेल तर तो आपल्यासाठी नव्हे. परदेशातल्या मुलाने हौसेने पाठवलेले महागडे डूम या एका कारणाने कपाटात ठेवून द्यावे लागतात.

आता एलईडी. यावर गॅरेजमध्ये वाद रंगला, आणि तो माझ्यासमोर मिटला नाही. काकांच्या पुतण्याचं म्हणणं, एलईडी बल्ब घाला, वीज निम्मी, उजेड दुप्पट. वायरमनचं म्हणणं, हेडलाइटला नाही. मी वायरमनच्या बाजूचा. आरशाची वक्रता बल्बातल्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. तार मिलिमीटरने सरकली तरी झोत विस्कटतो. एलईडीचे दाणे पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात, तारेसारखे चहूबाजूंनी प्रकाश देत नाहीत. काही थोडे चांगले बनवलेले सोडले, तर परिणाम ठरलेला: गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता दुधासारखा पांढरा, त्यापुढे काळोख, आणि समोरच्याच्या डोळ्यांत भाले. जवळचं लख्ख दिसतं म्हणून चालकाला वाटतं केवढा उजेड आला; त्याच झगझगाटाने त्याची बाहुली आवळते आणि लांबचं दिसेनासं होतं. शिवाय हेडलाइटची मान्यता विशिष्ट बल्बासह दिलेली असते, त्यामुळे भलताच बल्ब घातला की कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. अख्खा डूमच एलईडीसाठी बनवलेला असेल तर गोष्ट वेगळी. पण १९६६च्या फियाटच्या तोंडावर तो काळ्या चष्म्यासारखा दिसतो, हेही सांगायला हवं.

गाडीच्या मागच्या बाजूला मात्र एलईडीला माझा पूर्ण पाठिंबा. कारण आहे डायनामो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नसे, डायनामो असे. त्या काळातल्या ल्यूकास या ब्रिटिश कंपनीच्या एका नेहमीच्या डायनामोची मजल २२ अँपिअर, तीही इंजिन पळत असताना. हेडलाइटला दहा, इग्निशनला तीन-चार, टेल लॅम्प, नंबर प्लेट, मीटरचे दिवे मिळून दोन-तीन, पाऊस असला तर वायपरला आणखी तीन-चार. पावसाळी रात्रीचं अंदाजपत्रक इथेच भरलं. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनामो जवळपास काहीच देत नाही, आणि दिवे मान टाकतात. ब्रिटिश गाड्यांच्या वीजव्यवस्थेवरून जोसेफ ल्यूकासला अंधाराचा राजपुत्र म्हणायची थट्टा जगभर चालते. त्यातला निम्मा दोष डायनामोचा आणि उरलेला आपण न घासलेल्या अर्थिंगचा. टेल लॅम्प, पार्किंग आणि मीटरमधले बल्ब एलईडीचे केले की दोन अँपिअर वाचतात, आणि ते हेडलाइटच्या कामी येतात. लाल काचेमागे लालच एलईडी घालावा, पांढरा घातला तर उजेड गुलाबी पडतो. इंडिकेटरला एलईडी लावले की जुना फ्लॅशर रुसतो, कारण त्यातली धातूची पट्टी बल्बच्या प्रवाहाने तापून टिकटिक करते आणि एलईडी तिला तापवण्याइतका प्रवाह ओढत नाहीत. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालायचा. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. तिथे एलईडी किंवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटा लागला तर चालत नाही किंवा जळतो. सहा व्होल्टच्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. तेवढ्याच वॅटला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तिथे तारा आणि जोड स्वच्छ ठेवणं हीच अर्धी लढाई.

मागच्या दिव्यांचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही, ही माझी जुनी तक्रार. आपल्याला पुढचं दिसावं एवढीच काळजी. मागच्याला आपण दिसतो का, याची नाही. फियाटचे मागचे दिवे आजच्या मानाने लहान आणि खाली. मागे ताशी शंभरने येणारी एसयूव्ही, तिच्या चालकाची नजर उंचावर. सॅन फ्रान्सिस्कोत १९७४मध्ये जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेच्या पायथ्याशी मधोमध एक जादा ब्रेकलाइट बसवला. बाकीच्या टॅक्सींच्या तुलनेत या गाड्यांना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी झाल्या. १९८६च्या मॉडेलांपासून अमेरिकेत हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे सगळ्याच गाड्यांना तो आल्यावर त्याचं नावीन्य गेलं आणि दीर्घकालीन फायदा सुमारे ४.३ टक्क्यांवर स्थिरावला, हे लपवू नये. पण जुन्या गाडीवर तो अजून नवाच आहे. काकांच्या गाडीत मागच्या काचेच्या आतून एक पातळ लाल पट्टी बसवली. बॉडीला एकही भोक पाडलं नाही. ब्रेकलाइटच्या स्विचवर तेलाचा थर होता आणि पॅडल बरंच दाबल्यावरच दिवा लागत होता. म्हणजे इतकी वर्षं हलका ब्रेक मारताना गाडी मागच्याला काहीच सांगत नव्हती. तोही बदलला.

शेवटचं काम फोकस सेट करण्याचं, आणि इथे घाई झाली की आधीचं सगळं पाण्यात. सपाट जमीन, समोर भिंत, दहा मीटर अंतर. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, चालकाच्या जागी चालकाच्या वजनाचा माणूस. डुमाच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची, आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली आणायची. काकांच्या गाडीचे मागचे पाटे बसले होते, त्यामुळे गाडीचं नाक वर. डिपर आभाळाकडे पाहत होता. पाट्यांचं काम होईपर्यंत स्क्रूने झोत खाली आणला. मागच्या सीटवर तीन पाहुणे आणि डिकीत फराळाचे डबे असले की तो पुन्हा वर जाणार, हे वायरमनने बजावून सांगितलं.

आता प्रश्न मूळपणाचा. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नोंदणीत राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’, नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. काकांनी ही नोंदणी घेतलेली नाही, कारण त्यांना भाऊबीजेला जायचं असतं. तिकडे जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१३मध्ये मंजूर केलेल्या ट्युरिन सनदेतही सुरक्षेसाठी केलेले बदल वर्ज्य मानलेले नाहीत. ते नजरेत न येणारे आणि परत फिरवता येणारे असावेत, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, एवढंच तिचं मागणं. रिले, अर्थिंगची तार आणि काचेमागची पट्टी या कसोटीला आरामात उतरतात. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी बाहेर पडणारी कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक असो की कोट्याच्या महाराजांची शिकारीचे सर्चलाइट लावलेली १९२५ची रोल्स रॉइस, तिच्या दिव्यांना हात लावू नये हे मला मान्य आहे. त्या गाड्या इतिहासाच्या आहेत आणि त्यांच्यापुढे रात्रीचा महामार्ग नाही. कुटुंब घेऊन साताऱ्यामार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या फियाटला तो न्याय लावणं हा हट्ट झाला.

काकांच्या मनातून १००/९०चे बल्ब अजून गेलेले नाहीत. आता रिले आहे, तारा जाड आहेत, मग काय हरकत, असं त्यांनी विचारलं. वायरमनने डायनामोकडे बोट दाखवलं आणि आकडे पुन्हा मोजायला लावले. शिवाय त्याचं दुसरं म्हणणं ब्रेकबद्दल होतं: “काका, आता लांबचं दिसतंय म्हणून तुम्ही सत्तर-ऐंशीने जाणार. ऐंशीला गाडी ऐंशी मीटरमध्ये उभी राहील का?” ड्रम उघडून पाहायचं ठरलं. लायनर झिजले होते, मागच्या एका चाकाचा सिलिंडर पाझरत होता. काढलेले जुने बल्ब, फ्लॅशर आणि ब्रेकलाइटचा स्विच एका पत्र्याच्या डब्यात घालून, वर तारीख लिहून, डबा डिकीत गेला. गाडी ब्रेकच्या कामासाठी दुसऱ्या गॅरेजला, कारण ते काम वायरमनचं नव्हे.